अण्णांच्या माजघरात रेंज येते का?

कोकणात लोक समुद्र बघायला जातात, मासे खायला जातात, गणपतीला जातात. मी यंदा दिवाळीनंतर पाच दिवस रत्नागिरीला गेले ती मोबाइलची कंपनी निवडायला. ज्यांच्यावर असं काम पडलं नसेल ते हसतील. ज्यांचे आईवडील गावात एकटे राहतात ते हसणार नाहीत, आणि खरं तर त्यांच्यासाठीच हे लिहायला बसले आहे. मात्र शेवटी 'अमुक कंपनी घ्या' असा सल्ला मिळेल या आशेवर कोणी वाचू नका. जाताना मी जेवढी गोंधळलेली होते त्याहून जास्त गोंधळून परत आले आहे.

झालं होतं असं. आमचे अण्णा एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यापासून मालगुंडच्या आतल्या अंगाला आमची वाडी आहे तिथे एकटेच राहतात. पावसाळ्यात मागीलदारी शेवाळावरून त्यांचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. घरातला फोन दर पावसाळ्यात जसा बंद पडतो तसा बंद होताच. शेजारचे जनूभाऊ संध्याकाळी दूध घेऊन आले तेव्हा अण्णा न्हाणीच्या भिंतीला टेकून बसले होते. सकाळपासून तसेच बसले होते. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

माझा मोठा भाऊ, शिरीषदादा, ठाण्याला असतो. त्याने त्या दिवसापासून एकच धरून ठेवलं, अण्णांनी आता ठाण्याला यायचं. अण्णा म्हणाले, नाही येणार. बरीच वादावादी झाली आणि शेवटी दादाने अट घातली. अण्णांनी मोबाइल घ्यायचा आणि तो घरात लागला पाहिजे, विशेषतः माजघरात, कारण अण्णा तिथे झोपतात. लागला तर खुशाल राहा. नाही लागला तर घराला कुलूप. अण्णांनी अट मान्य केली आणि कंपनी निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी पुण्यात एका दवाखान्यात रिसेप्शनला असते, दिवसभर फोन घेते, म्हणून घरच्यांना वाटतं मला फोनमधलं सगळं कळतं.

दादाने कुरिअरने आपला जुना हँडसेट पाठवला, आत त्याचं जादाचं कार्ड. गणपतीत तो गावी गेला होता तेव्हा याच कार्डावर घरभर रेंज होती, असं त्याने तीनतीनदा बजावलं. "तू जा, एकदा खात्री कर, आणि अण्णांना याच कंपनीचं घेऊन दे. अर्ध्या दिवसाचं काम आहे." दादाची सगळी कामं अर्ध्या दिवसाची असतात, फक्त ती दुसऱ्याने करायची असतात. कंपन्यांची नावं मी लिहिणार नाही, नाहीतर खाली प्रतिक्रियांत कोणीतरी भांडायला येईल. दादाच्या कंपनीला मी निळी म्हणते. आणखी दोन येतील, त्या हिरवी आणि जांभळी. रंग माझ्या मनाचे आहेत, पाट्यांशी ताडून पाहू नका.

सकाळी स्वारगेटहून निघाले. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते, कराडच्या अलीकडे उंब्रजला वळून पाटण, मग कुंभार्ली घाट आणि खाली चिपळूण, ही वाट मला आंबा घाटापेक्षा जास्त आवडते. घाटात बस सावकाश जाते आणि उलटीचा त्रास असणाऱ्यांनी पुढची सीट धरावी. रस्ता पाटणच्या पुढे खराब होता. चिपळूणच्या स्टँडवरचा बटाटेवडा गरम असेल तरच घ्या, मी घेतला तो नव्हता. वाटेत मी दादाचा फोन हातातच धरला होता. रेंजच्या काड्या येत होत्या, जात होत्या. घाटात पार गेल्या, चिपळूणला पुन्हा आल्या. मला उगाचच परीक्षेला निघाल्यासारखं वाटत होतं, आणि पेपर कोणत्या विषयाचा तेही ठाऊक नव्हतं.

रत्नागिरीहून निवळी-चाफे वाटेने जाणारी संध्याकाळची गाडी मिळाली. आमची वाडी दोन सड्यांच्या मधल्या खोलगटात आहे. वर काळा कातळ, उघडा माळ, आणि खाली उतरलं की एकदम नारळी-पोफळी, पऱ्याचं वाहतं पाणी आणि गारवा. उन्हाळ्यात याच्यासारखं सुख नाही. रेंजच्या बाबतीत मात्र याच्यासारखी जागा वाईट, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

अण्णा अंगणाच्या दगडी गडग्यापाशी उभे होते. मनगट बरं झालं होतं, पण पिशवी त्यांनी डाव्या हाताने घेतली. मी चपला काढायच्या आत म्हणाले, "बघ, बघ आधी."

पाहिलं. ओटीवर चार काड्या. माजघरात तीन, मध्येच चार. स्वयंपाकघरात चार. मागीलदारी जिथे पडले होते तिथेसुद्धा तीन. माजघरातूनच दादाला फोन लावला आणि तो लागला. अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्टँडवर गाड्या पुकारायचे त्या आवाजात म्हणाले, "शिरीष, फोन लागलेला आहे. तुझी अट पुरी झालेली आहे." फोन ठेवून ते लगबगीने चहा टाकायला गेले. दोनदा साखर घातली. त्यांना एवढं खुशीत मी बऱ्याच महिन्यांनी पाहत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रत्नागिरीला गेलो. राम आळीत भांडी, कापड, चपला यांच्या मधोमध आता दर चार दुकानांनी एक मोबाइलचं दुकान झालं आहे. आत गेलं की पोरगेलेसे विक्रेते एकदम तीन बाजूंनी बोलायला लागतात. एकाने 'लाइफटाइम' म्हटलं, दुसऱ्याने 'फुल टॉकटाइम' म्हटलं, तिसऱ्याने मला रंगीत स्क्रीनवर मासे पोहताना दाखवले. अण्णांनी त्या माशांकडे बघून विचारलं, "याचा उपयोग काय?" विक्रेता म्हणाला, "काका, नुसतं बघायचं." अण्णा म्हणाले, "मासे बघायचे असतील तर मी मिरकरवाड्याच्या बंदरावर जाईन." शेवटी साधा, मोठी बटणं असलेला, अडीच हजारांच्या आतला हँडसेट घेतला आणि निळ्या कंपनीचं कार्ड घेतलं.

"मालगुंडच्या बाजूला रेंज आहे ना?" मी विचारलं.

"ताई, सगळीकडे आहे."

"घरात? खोलगट भाग आहे."

"सगळीकडे म्हणजे सगळीकडे."

दुपारी बाजारातल्याच एका खाणावळीत बांगड्याची थाळी घेतली. चाळीस रुपयांत तळलेला बांगडा, तिरफळ घातलेलं कालवण, भात, सोलकढी. रत्नागिरीला येणार असाल तर मोठ्या हॉटेलात जाऊ नका, जिथे कोर्टातले कारकून जेवतात तिथे जेवा. अण्णा जेवताना नवा फोन सदऱ्याच्या खिशातून काढून बघत होते आणि पुन्हा ठेवत होते. शहरात चार काड्या होत्या.

सड्यावरून उतरायला लागलो तशी एकेक काडी गेली. गडग्यापाशी पोचलो तेव्हा एकही नव्हती. घरात नव्हती, अंगणात नव्हती, मागीलदारी नव्हती. दादाचा फोन काढला. चार काड्या! कंपनी तीच, घर तेच, मी तीच.

मी म्हटलं, हँडसेट वाईट असेल. दोन्हीतली कार्डं काढून अदलाबदल केली. दादाचं कार्ड नव्या फोनमध्ये घातलं, चार काड्या. नवं कार्ड जुन्या फोनमध्ये, काही नाही. पुन्हा बदललं, पुन्हा तेच. अण्णा चष्मा लावून शेजारी बसले होते.

"कार्ड नासकं निघालं," ते म्हणाले.

"नासायला ते काय दूध आहे?"

"मग तू सांग."

तेवढ्यात जनूभाऊ आले. ते आमच्या अगदी लागून राहतात, म्हशी आहेत, थोडी आंब्याची कलमं आहेत. त्यांनी दोन्ही फोन हातात घेऊन पाहिले आणि मान हलवली.

"ताय, निळी घेतलीव कशाला? मला विचारायचं व्हतं. आमच्या वाडीत हिरवी. माझा भाचा शिमग्याला आला व्हता, तुमच्या या पडवीत बसून फोन करत व्हता. फुल."

"मग तुमच्याकडे हिरवी आहे?"

"हाय ना."

"चालते?"

जनूभाऊंनी दोन्ही फोन परत माझ्या हातात ठेवले. "सड्यावर चालते," म्हणाले. "घरात तेवढी नाय. पण भाच्याची चालत व्हती, ती माझ्या डोळ्यांनी बघितली."

त्यांची बायको कुंपणापलीकडून म्हणाली, हिरवीचं काही खरं नाही, जांभळीच चांगली, तिच्या बहिणीच्या जावयाने मे महिन्यात विहिरीवर उभं राहून तासभर फोन केला होता. तिच्या स्वतःकडे जांभळी होती का? होती. चालत होती का? तिचं कार्ड डब्यात पडून होतं. मी त्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. प्रत्येकाची खात्री पक्की होती आणि कोणाचाच फोन लागत नव्हता. जनूभाऊ शेवटी म्हणाले, "त्यापेक्षा देवळात कौल लावूया. एकेक कंपनी इचारू, उजवी पाकळी पडली की घेवया." ते थट्टेत बोलत होते असं मी धरून चालले आहे.

ते गेल्यावर मी पिठाचे डबे आवरत होते, तर माजघरातून अण्णांची हाक आली. "मंजू! दिसली गो, एक काडी दिसली!"

मी धावत गेले. अण्णा कपाटाच्या कोपऱ्यात, फोन दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून उभे होते. मी फोन घेतला. काडी नव्हती.

"आत्ता होती," अण्णा म्हणाले.

थोड्या वेळाने खिडकीपाशी त्यांना पुन्हा एक दिसली. मग देवघरापाशी. तिन्ही वेळा मी गेले आणि तिन्ही वेळा काही नव्हतं. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला समजलं की दिसत त्यांनाही नव्हती. आयुष्यभर उशिरा आलेल्या गाडीला उशिरा आली असंच म्हणणारा हा माणूस, घर सोडावं लागू नये म्हणून माझ्यापुढे खोटी काडी दाखवत होता. मला फार वाईट वाटलं. "हो, मलाही आत्ता जरा दिसल्यासारखी वाटली," असं म्हणून मी आत निघून गेले.

तिसऱ्या दिवशी मी एकटीच निघाले. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत निळ्या कंपनीचं काम बघणारं एक ऑफिस आहे असं दुकानदाराने सांगितलं होतं. रत्नागिरी स्टँडवरून रिक्षा केली. दोन्ही बाजूंना शेड, मध्ये काजूची एक फॅक्टरी, आणि त्यात एका पत्र्याच्या गाळ्यात एसी लावलेली ती खोली. तिथल्या टायवाल्याने माझं कार्ड संगणकात पाहिलं.

"कार्ड ओके आहे, मॅडम. तुमच्या वाडीत आपलं कव्हरेज नाही."

"पण माझ्या भावाचं कार्ड तुमचंच आहे. ते चालतं."

"भाऊ कुठे असतात?"

"ठाण्याला."

"मग ते मुंबई सर्कल," तो म्हणाला, जणू त्यात सगळं आलं.

"सर्कल कुठलंही असो, टॉवर तर तोच ना?"

"नाही मॅडम. ते सर्कल वेगळं."

मी आणखी दोन प्रकारे विचारलं. दोन्ही वेळा सर्कल वेगळं होतं. मागे रांग वाढली होती, म्हणून मी उठले. बाहेर उन्हात उभी राहून मला रडू येईल की काय असं वाटलं. पुण्याला परत जाऊन दादाला 'नाही जमलं' सांगायचं आणि मग अण्णांच्या घराला कुलूप लावायला पुन्हा यायचं, एवढं चित्र डोळ्यांपुढे आलं. म्हणून मी तडक राम आळीत गेले आणि हिरवं कार्ड घेतलं आणि जांभळंही घेतलं. विक्रेता मला ओळखत होता. या वेळी त्याने मासे दाखवले नाहीत.

परतीची गाडी गणपतीपुळ्यापर्यंतच होती. पुढच्या गाडीला वेळ होता म्हणून देवळात गेले, दर्शन घेतलं, मग वाळूत बसले. संध्याकाळी इथली गर्दी नको वाटते, पण भर दुपारी किनारा मोकळा असतो आणि देवळाजवळच्या घरगुती खाणावळीत मोदक मिळतात, ते चुकवू नका. वाळूत बसून मी एकेक कार्ड घालून पाहिलं. निळं, चार काड्या. हिरवं, चार. जांभळं, चार. शेजारी एक पर्यटक कुटुंब होतं, त्यातले तिघे तीन फोनवर एकाच वेळी बोलत होते आणि तिघांचीही पाठ समुद्राकडे होती. इथे देवाच्या दारी सगळ्या कंपन्या हजर होत्या, आणि तीन-चार किलोमीटर आत एक म्हातारा माणूस कपाटाच्या कोपऱ्यात उभा होता. मी मोदक खाल्ला, पण काय खाल्लं ते आठवत नाही.

घरी येऊन पाहिलं तर हिरवं पडवीत दोन काड्या दाखवायचं आणि उंबरा ओलांडून आत आलं की गप्प. जांभळं स्वयंपाकघराच्या खिडकीत आणि विहिरीवर चालायचं, बाकी कुठेही नाही. माजघरात दोन्ही मुकी. अण्णा म्हणाले, "मी खाट स्वयंपाकघरात नेतो." पुढे म्हणाले, "किंवा पडवीत झोपेन. गार असतं." मी म्हटलं, "आणि न्हाणीत पडलात तर?"

चौथ्या दिवशी सकाळी दादाला सगळं सांगायचं ठरवलं. त्याचाच जुना फोन घेतला, पडवीच्या पायरीवर बसले आणि नंबर लावण्याआधी नुसतीच स्क्रीनकडे बघत राहिले, कारण बोलायची हिंमत होत नव्हती. तीन दिवस मी कोपऱ्यातल्या काड्यांकडे बघत होते. मधे मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव असतं, तिकडे एकदाही लक्ष गेलं नव्हतं. नाव होतं हिरव्या कंपनीचं.

मला वाटलं माझी कार्डं बदलली. उघडून पाहिलं. कार्ड दादाचंच, निळं. बंद करून सुरू केलं. हिरवी. उठून स्वयंपाकघरात गेले. स्क्रीन जरा थांबली, नाव गेलं आणि आलं जांभळीचं. विहिरीवर जांभळी. पुन्हा पडवीत हिरवी. आणि माजघरात एक चौथंच नाव, ज्या कंपनीचं दुकान मी रत्नागिरीत पाहिलंसुद्धा नव्हतं.

"अण्णा, इकडे या!"

आम्ही दोघं घरभर फिरलो. अण्णा प्रत्येक खोलीत नाव मोठ्याने वाचायचे. दोन फेऱ्या झाल्यावर खाटेवर बसले आणि म्हणाले, "ही कसली गाडी गो? दर स्टॉपला पाटी बदलते!"

मग हळूहळू उलगडलं, निदान मला उलगडलं असं वाटतं. ठाण्याचं कार्ड मुंबई सर्कलचं, म्हणजे मुंबईच्या हद्दीतलं, म्हणून आमच्या वाडीत ते पाहुणं असतं. निळीचा टॉवर इथे पोचत नाही, पण पाहुण्याला जो कोणी जवळ असेल तो घरात घेतो. हिरवी घेते, जांभळी घेते, ती चौथी घेते. रत्नागिरीत घेतलेलं कार्ड मात्र इथलंच, त्याने आपल्याच कंपनीच्या दारी जायचं, आणि तिचं दार सड्यावर. दुसरं कोणी त्याला विचारत नाही.

जनूभाऊंना सांगायला गेले तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्यांचा भाचा परळला असतो. बायकोच्या बहिणीचा जावई विरारला. आमचा दादा ठाण्याला. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात सगळे मुंबईकर येतात, अंगणात उभे राहून ऐटीत फोन करतात आणि जाताना 'हीच कंपनी घ्या' असं सांगून जातात. वाडी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून रत्नागिरीत जाते, तेच नाव मागून घेते आणि घरी येऊन फोन डब्यात टाकते. घरोघरी अशी कार्डं पडून होती. मुंबईकर खोटं बोलत नव्हते आणि वाडीही चुकत नव्हती. जनूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे आमच्या गावात फोन लागायला मुंबईचा मानूस लागतो?" ते म्हणाले.

"तसंच दिसतंय."

"बाकी कशाला लागतो तसाच," म्हणाले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

उपाय मग एकच उरला. दादाचं ठाण्याचं कार्ड अण्णांकडे ठेवायचं. अण्णा आयुष्यात सलग चार दिवस मुंबईत राहिलेले नाहीत. तिथे त्यांना जीव घुसमटल्यासारखा होतो. आता आपल्या घरात राहता यावं म्हणून त्यांचा नंबर मुंबईचा. दादाला फोन केला, तो आधी वैतागला, मग हसला, मग म्हणाला, "माजघरात लागतोय ना? झालं तर." ते ऐकल्यावर अण्णांनी इतका मोठा उसासा सोडला की तो दादालाही ऐकू गेला असावा.

पण दादाने फोन ठेवता ठेवता सांगून टाकलं की हे रोमिंग आहे, आलेल्या फोनलाही मिनिटाला पैसे पडतात आणि बिल त्याच्याकडे येतं, तर फार काळजी करू नका. अण्णांनी ती काळजी तिथल्या तिथे सुरू केली. "मग मी उचलणार नाही," म्हणाले. "शिरीषच्या बिलात माझ्या गप्पा कशाला?" मी समजावलं, रागावले, शेवटी थकले. तेव्हा तोडगा त्यांनीच काढला. मी रोज संध्याकाळी फोन लावायचा आणि त्यांनी तो कापायचा. कापला म्हणजे सगळं ठीक. वाजतच राहिला तर मी जनूभाऊंच्या घरच्या फोनवर कळवायचं, तो बंद असेल तर मालगुंडच्या दुकानात. आणि उचलला तर समजायचं की काहीतरी झालंय. "गाडी आली, नोंद केली, सोडली," अण्णा म्हणाले. त्यांना ही व्यवस्था मनापासून पटली होती. मी बॅग भरताना ते माजघरात बसून फोन कापायचं बटण कुठलं ते पुन्हा पुन्हा बघत होते.

पाचव्या दिवशी परत निघाले. हिरवं आणि जांभळं कार्ड पर्समध्ये होतं, निळं कुठे पडलं कोण जाणे. घाट चढताना शेजारच्या बाईंनी विचारलं, "रत्नागिरीला कुठली कंपनी चांगली चालते हो?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि त्या पाटणला उतरणार होत्या.

तर वाचकांनो, माझ्याकडून एवढंच घ्या. जुनं कार्ड घेऊन गावी जा, काड्या बघू नका, नाव वाचा, आणि प्रत्येक खोलीत वाचा. तरीही गोंधळ होणारच. आमच्यात आता ठाण्याचा माणूस बिल भरतो, रत्नागिरीचा माणूस मुंबईचा नंबर वापरतो आणि पुण्याची बाई न बोलण्यासाठी फोन करते. दवाखान्यातल्या मैत्रिणींना वाटतं वडील माझ्यावर रागावलेत. रोज संध्याकाळी मी फोन लावते, दोन रिंगा होतात, खट्‌कन कापला जातो आणि मी हसून पर्स उचलते. सुरुवातीचे काही आठवडे त्या कापण्याने मला खरोखर बरं वाटायचं. घर उघडं आहे, अण्णा घरात आहेत, हात चालतो आहे.

गेल्या गुरुवारी एक रिंग झाली, दुसरी झाली आणि फोन उचलला गेला.

"अण्णा! काय झालं? पडलात का? जनूभाऊ आहेत का तिथे?"

"कोणी पडलं नाही गो."

"मग उचललात का?"

मग अण्णा म्हणाले, "रोज तुझं नाव येतं आणि रोज कापायचं. बरं नाही वाटत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बोल आता," ते म्हणाले. "मिनिटं चाललीत."

दिवसभर अनोळखी लोकांशी फोनवर बोलणाऱ्या मला एक वाक्य सुचत नव्हतं. "जेवलात का?" एवढंच विचारलं.

"नाही अजून. भात टाकलाय," अण्णा म्हणाले, आणि तांदूळ यंदा कसा निघाला, जनूभाऊंची म्हैस कशी आटली, विहिरीचं पाणी कुठवर आहे, असं सगळं सावकाश सांगायला लागले. मी पर्स खाली ठेवली, परत खुर्चीत बसले आणि मध्ये एकदाही 'बरं, ठेवते' म्हणाले नाही.